काट्यावरची टोपी

आमच्या बैठकीच्या खोलीत सोफा नाही. सोफ्याच्या जागी सहाशे सीसीची मोटरसायकल उभी असते, पुढे एक आणि मागे एक अशा दोन घोड्यांवर, आणि तिच्याखाली गालिचा. मोटरसायकल दर पंधरवड्याला बदलते. गालिचा माझ्या लग्नातला आहे, तो तेवढाच राहिला. पाहुणे आले की स्वयंपाकघरात बसतात. आणि पाहुणे म्हणजे तरी कोण, बैठकीत ज्याची गाडी उभी असेल तोच.

माझा नवरा यादेर झाउली हा मेकॅनिक नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण लोकांचा तसा समज होतो आणि मग ते सासऱ्याची बंद पडलेली स्कूटर घेऊन दारात येतात. तो फळबागायतदारांच्या सहकारी संस्थेत काट्यावर असतो. आधी जर्दाळू, मग पीच, मग द्राक्षं. त्याच्या काट्यावरून गेल्याशिवाय एक पेटी शीतगृहात जात नाही. निम्म्या गावाला तो आवडत नाही, कारण ओल्या पेटीतलं पाणी तो वजनातून वजा करतो. उरलेल्या निम्म्यालाही आवडत नाही, पण त्यांच्याकडे मोटरसायकली आहेत आणि शनिवारी दुपारी त्यांना त्याची गरज पडते.

गरज अशी. रस्त्यावरची गाडी सर्किटवर न्यायची तर तिच्या अंगावरचं बरंच उतरवावं लागतं. आरसे, दिवे, इंडिकेटर, नंबरप्लेट, साइड स्टँड. रेडिएटरमधलं हिरवं पाणी काढून साधं भरायचं, कारण ते रस्त्यावर सांडलं तर मागचे दहा जण घसरतात. ऑइलचा बोल्ट निघू नये म्हणून त्याला तार बांधायची. पाय ठेवायच्या खुंट्या वर घ्यायच्या. हे सगळं आमच्या रोमान्यात, इटलीच्या या मोटरवेड्या मुलखात, कुणालाही येतं. आमच्याकडे न्हाव्यालाही येतं आणि धर्मगुरूंनाही. खरी मेख पुढे आहे. माणूस बसल्यावर गाडी तिच्या स्प्रिंगांवर किती दबावी याचं एक माप असतं. कमी दबली तर ती खड्ड्याखड्ड्याला उडते, जास्त दबली तर वळणात बसकण मारते आणि स्वाराला बाहेर टाकते. म्हणजे स्वाराचं वजन खरं कळायला हवं, हेल्मेट, बूट आणि चामड्याचा सूट धरून. आणि खरं वजन सांगणारा पुरुष आमच्या गावात मी अजून पाहिलेला नाही. बायकाही सांगत नाहीत, पण त्यांना निदान कुणी विचारत नाही.

म्हणून शनिवारी संस्थेचं फाटक लागलं की पेट्यांच्या काट्यावर माणसं चढतात. भर उन्हात, चामडं चढवून, डोक्यावर हेल्मेट, तोंड भिंतीकडे. आकड्यांची खिडकी त्यांच्या पाठीमागे. यादेर डोक्यावरची टोपी काढून त्या खिडकीवर अडकवतो, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला नको. मग टोपीची कड जराशी उचलतो, बघतो, सोडतो. “उतर,” म्हणतो. संपलं. आकडा तो कुणाला सांगत नाही. त्या माणसाच्या बायकोला नाही, आईला नाही, त्या माणसालाही नाही. घरी येऊन त्या आकड्याच्या स्प्रिंगा गाडीत घालतो, बस. मी एकदा माझ्या धाकट्या भावाचं वजन विचारलं होतं. उत्तर आलं, “पुढे मधली, मागे जाड.” आमचे धर्मगुरू स्वतः एक जुनी साडेसहाशे बाळगून आहेत. ते मला म्हणाले होते, “वांदा, माझ्याकडे येऊन लोक सगळं कबूल करतात. वजन नाही.”

आता तुम्हाला वाटेल की असा नवरा म्हणजे भाग्य. तर ऐका. रेसच्या आदल्या दिवशी तो टायरांना गुंडाळायच्या विजेच्या गोधड्या तपासतो. टायर थंड असला की पकडत नाही, म्हणून आधी शेकावा लागतो. दोन गोधड्या आणि माझा ओव्हन एकाच वेळी चालू झाले की घराची वीज जाते. एकतीस वर्षांत त्याने एकदाही गोधडी बंद केलेली नाही. माझा लझान्या मात्र अर्धा कच्चा राहून किती वेळा कुत्र्याला गेला याची मोजदाद नाही.

नेव्हिओ गुरिओली आणि यादेर शाळेपासूनचे. नेव्हिओ नळकाम करतो. गावातल्या प्रत्येक सिंकखाली त्याचं डोकं जाऊन आलेलं आहे. धिप्पाड, लालबुंद, आवाज असा की बारच्या आत कॉफी मागितली तर चौकात ऐकू जाते. पन्नाशीपुढच्यांच्या क्लबच्या शर्यतीत तो दर वर्षी उतरायचा. पाचवा यायचा, सहावा यायचा, एकदा तिसरा आला होता, तेव्हा त्याने तीन महिने दुसरा विषय काढला नाही. त्याची बायको दिर्चे म्हणजे आमच्याकडची सुगरण. नाताळात ती एकटी बसून शेकड्यांनी कापेल्लेत्ती वळते, आणि त्या इवल्या टोपीच्या आकाराच्या पिठाच्या करंज्या नेव्हिओ शेकड्यांनीच खातो.

दर मार्चमध्ये, पीच फुलायच्या आधी, काट्यावर पहिला मान नेव्हिओचा. उतरला की थेट बारमध्ये.

“ब्याण्णव!” तो ओरडायचा. “सगळं धरून! बूटसुद्धा!”

“बूट कुणाचे? तुझे की नातवाचे?”

“यादेरला विचारा!”

यादेर कोपऱ्यात कॉफी ढवळत असायचा. घरी येऊन पेटीतली सगळ्यात जाड स्प्रिंग काढायचा. नेव्हिओ शर्यत करून यायचा आणि म्हणायचा, “पाहिलंस? गाडी कशी लोण्यासारखी चालली. ब्याण्णववर लावली की चालणारच.” यादेर म्हणायचा, “हो.” हे असं इतकी वर्षं चाललं की गावात कुठलीही गोष्ट फुगवून किंवा चेपून सांगितली की लोक म्हणायला लागले, ‘नेव्हिओचं ब्याण्णव.’

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात नेव्हिओ बारीक दिसायला लागला. त्याने सायकल घेतली होती. रोज सकाळी टेकडीपर्यंत जातो म्हणायचा. “दोन किलो उतरवले,” असं त्याने बारमध्ये जाहीर केलं. लोकांनी कौतुक केलं, मीही केलं. आमच्या वयात दोन किलो उतरवणं म्हणजे चेष्टा नाही.

मार्चच्या पहिल्या शनिवारी तो गाडी घेऊन सरळ आमच्या घरी आला. काट्यावर गेलाच नाही. गाडी बैठकीत चढवून दिली आणि दारातच उभा राहिला, गळ्यापर्यंत मफलर.

“काटा?” यादेरने विचारलं.

“काटा कशाला? गेल्या वर्षीचं आहे तसंच राहू दे.”

“दोन किलो उतरवलेस ना?”

“दोन किलोंनी काय होतंय? बूट बदलले तरी दोन किलो होतात.”

“मग चढ एकदा. पाच मिनिटांचं काम.”

“लेका, घाई आहे. शाळेतला गीझर टपकतोय.” आणि निघून गेला. सँडविच खाऊन जा म्हटलं तर ओरडून म्हणाला, “दिर्चेने इतकं कोंबलंय, वांदा, पाणी प्यायला जागा नाही!”

यादेरने गेल्या वर्षीचं तसंच ठेवलं. पण तेल बदललं, ब्रेक बदलले, आणि दर थोड्या वेळाने सीटवर हात ठेवून गाडी दाबून बघत राहिला. गाडी बरोबर होती. त्याला जे पटत नव्हतं ते गाडीत नव्हतं, एवढं मला तेव्हाही कळलं.

एप्रिलमध्ये समुद्राकडच्या सर्किटवर पहिली शर्यत. सकाळी दोनदा सराव, मग जेवणाची लांब सुट्टी, मग शर्यत. दिर्चेने आणि मी तंबूत गॅस लावला, तिचं मोठं पातेलं चढवलं. त्या दिवशी गार्बिनो सुटला होता, डोंगराकडून येणारा तो गरम वारा. गार्बिनो सुटला की आमच्याकडे दूध नासतं, नवरा-बायको भांडतात आणि सगळ्यांच्या वेळा बिघडतात. कुणाचाच दोष नसतो.

पहिल्या सरावातून नेव्हिओ परत आला तो शिव्या देतच.

“उडतेय! मागून लाथा घालतेय! गाढवावर बसल्यासारखं वाटतंय!”

शेजारच्या तंबूंतून चार जण जमले. एक म्हणाला टायरची हवा जास्त आहे. दुसरा म्हणाला टायरच चुकला. तिसरा म्हणाला रस्त्याचं डांबर यंदा खराब आहे. चौथ्याने गार्बिनो सांगितला, आणि ते सगळ्यांना पटलं.

यादेर पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला. पुढच्या दांड्याला तो नेहमी एक प्लास्टिकची बारीक पट्टी बांधतो. ब्रेक मारला, पुढचं बसलं, की ती पट्टी खाली सरकते आणि तिथेच राहते. गाडी किती दबली याची साक्ष. दर वर्षी नेव्हिओची पट्टी तळापासून जेमतेम बोटभर वर थांबायची. त्या दिवशी ती चार बोटं वर होती.

“ब्रेक मारतोयस का?” यादेरने विचारलं.

“मारतोय म्हणजे? डोळे बाहेर यायचे राहिलेत!”

दुसऱ्या सरावाला यादेर भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. नेव्हिओ खरोखरच उशिरा आणि जोरात ब्रेक मारत होता. आला तेव्हा पट्टी पुन्हा तिथेच, चार बोटं वर. यादेर तिच्यासमोर इतका वेळ बसून राहिला की मला वाटलं गुडघा धरला. दोन किलोंची पट्टी ती नव्हे, हे मोटरसायकलीतलं काही न कळणाऱ्या मलासुद्धा त्याच्या मानेवरून कळलं.

जेवायला बसलो. दिर्चे वाढत होती.

“तूच वाढ गं वांदा त्याला,” ती म्हणाली. “हल्ली तुझ्याच हातचं गोड लागतं.”

“माझ्या हातचं?”

“रोज संध्याकाळी तुमच्याकडे खाऊन येतो ना. मग घरी दोन चमचे सूप घेतो की उठला. मला राग नाही हं. पण तेल जरा कमी घाल. रात्री पोट धरून बसतो.”

नेव्हिओ नाताळनंतर आमच्याकडे घासभरही जेवलेला नव्हता. मी त्याच्याकडे पाहिलं. दिर्चेची पाठ वळली होती, आणि तो आपल्या ताटलीतलं सगळं हळूच परत पातेल्यात ओतत होता. मी पाहतेय हे त्याने पाहिलं. आणि त्याने मला डोळा मारला. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि भीती वाटली की मला राग येतो. मी उठून तंबूच्या मागे गेले. यादेर व्हॅनच्या मागच्या दारात बसून पाना पुसत होता.

“किती उतरलाय तो?”

“त्याला विचार.”

“मी तुला विचारतेय.”

“मी काट्यावर घेतलेलं नाही.”

“घेतलं असतंस तरी सांगितलं नसतंस.”

“नाही.”

“दिर्चेला वाटतं तो आपल्याकडे जेवतो. आपल्याला वाटतं तो तिच्याकडे जेवतो. तो कुठेच जेवत नाही, यादेर! माणूस मरेल आणि तू टोपी धरून उभा राहशील!”

हे मी मोठ्याने म्हटलं. शेजारच्या तंबूतला रेडिओ कुणीतरी बारीक केला. यादेरने पाना खाली ठेवला.

“स्प्रिंगांची पेटी दे,” तो म्हणाला.

लोक जेवत होते तेवढ्या वेळात त्याने गाडी उघडली. मागची स्प्रिंग काढली, पुढच्या दोन्ही काढल्या. काट्यावर न चढलेल्या माणसाचं वजन त्याने फक्त त्या पट्टीवरून आणि आपल्या हातावरून धरलं. तो असं कधीच करत नाही. नजरेने वजन सांगणाऱ्या बागायतदारांना तो फाटकातून परत पाठवतो.

नेव्हिओ तोंड पुसत आला आणि थबकला.

“काय करतोयस?”

“स्प्रिंगा बदलतोय.”

“कितीच्या?”

यादेरने पेटीतून पुढची स्प्रिंग उचलली.

“अरे, हलक्या घातल्यास तर पहिल्याच वळणात बसेल ती! मी सरळ वाळूत जाईन! ऐकतोयस का?”

“ऐकतोय.”

नेव्हिओने ठरवलं असतं तर त्याला थांबवू शकला असता. गाडी त्याची होती, हाडं त्याची होती. पण तो तिथेच उभा राहिला, हात चामड्याच्या सूटमध्ये खुपसून, आणि तो सूट त्याच्या अंगावर कुणा दुसऱ्याचा असावा तसा लोंबत होता. आकडा खोटा निघाला तर नेव्हिओ पडणार होता. खरा निघाला तर काय होणार, तेही आम्हा तिघांना कळत होतं.

शर्यतीत पहिल्या वळणाला मी डोळे मिटले. दिर्चे माझा दंड धरून म्हणाली, “अगं बघ ना, कसा चाललाय!” मी उघडले. गाडी रुळावरून गेल्यासारखी वळली. पुढच्या वळणाला त्याने दोघांना मागे टाकलं, पुढच्या फेरीत आणखी एकाला. नेव्हिओ दुसरा आला. आयुष्यात इतक्या वेगाने तो कधीच गेला नव्हता.

अख्खा तंबू ओरडत होता. पाचवा आला तरी गाव डोक्यावर घेणारा माणूस मात्र हेल्मेट मांडीवर ठेवून घडीच्या खुर्चीत बसला होता आणि आपल्या गाडीकडे बघत होता. लोक जरा शांत झाले तेव्हा त्याने विचारलं,

“किती धरलंस?”

यादेर हात पुसत होता. एकेक बोट पुसत होता.

“तू सांगतोस तेवढंच.”

“म्हणजे?”

“ब्याण्णव.”

सगळे खो खो हसले. नेव्हिओचं ब्याण्णव! एकाने टाळ्या वाजवल्या. आम्ही तिघं हसलो नाही. आणि मग चौथं माणूसही हसलं नाही. दिर्चे हातातला डाव तसाच धरून उभी होती. तीस वर्षं त्या माणसाला जेवू घातलेली बाई, ब्याण्णव हा विनोद आहे हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

“सगळं धरून?” तिने यादेरला विचारलं. “बूटसुद्धा?”

यादेरने मान खाली घातली. त्याने आकडा सांगितलेला नव्हता. नेव्हिओ दर वर्षी सांगायचा तोच परत केला होता. पण मान त्याने खाली घातली.

दिर्चेने गॅस बंद केला. “उद्या सकाळी डॉक्टरकडे,” ती नवऱ्याला म्हणाली.

“उद्या मला बेकरीतलं सिंक—”

“गळू दे सिंक.”

आमच्या गावात नेव्हिओला बोलताना कुणी तोडू शकत नाही असा माझा समज होता.

मोठ्या शहरातल्या इस्पितळात त्याच्या पोटाचा बराचसा भाग काढला. डॉक्टर म्हणाले, द्राक्षांच्या तोडणीपर्यंत थांबला असता तर पोट उघडून, काहीच न करता, पुन्हा शिवून टाकलं असतं. सायकल त्याने चालवलीच नव्हती. ती गोदामात पाइपांच्या मागे सापडली, नव्या टायरवरचे रबराचे केससुद्धा झिजले नव्हते. नाताळपासून घास उतरत नव्हता आणि इस्पितळाचं नाव काढायची त्याला हिंमत नव्हती. पुढे वॉर्डातल्या प्रत्येकाला तो सांगायचा की माझा आजार स्प्रिंगने पकडला. नर्सेस त्याला भूल अजून उतरली नाही असं समजायच्या.

यंदा मार्चचा पहिला शनिवार आला. मी संस्थेत यादेरला डबा द्यायला गेले होते. फाटकातून नेव्हिओ आत आला, एकटा, चामड्याचा सूट घालून. कंबरेपाशी दिर्चेने तो दोन्ही बाजूंनी आत घेतला होता. तो काट्यावर चढला आणि भिंतीकडे तोंड केलं.

यादेरने टोपी अडकवली. कड उचलली. नेहमी तो नुसता बघतो आणि सोडतो. त्या दिवशी त्याने कड उचलून धरली ती धरलीच.

“उतर,” शेवटी म्हणाला.

मी त्याच्या मागोमाग बारमध्ये गेले, तिथे नेहमीचे सगळे होते. नेव्हिओने कॉफी घेतली, आता तो अर्धाच कप घेतो आणि तेवढ्यालाच पाऊण तास लावतो. आणि कोपऱ्यातून कुणीतरी, सवयीने, तोंडातून निघून गेलं म्हणून विचारलं,

“मग नेव्हिओ? यंदा किती?”

विचारणाऱ्याचे कान लाल झाले. बारमधल्या प्रत्येकाला एकदम आपल्या कपात काहीतरी दिसायला लागलं.

नेव्हिओने कप खाली ठेवला.

“एकशे सहा,” तो म्हणाला. आवाज चौकात गेला नसेल, पण बारमध्ये सगळ्यांना ऐकू आला. “बूट धरून.”

म्हणजे इतकी वर्षं त्याचा खरा आकडा हा होता. कुणी हसलं नाही. हसावं की नाही हेच कुणाला कळेना. नेव्हिओ आमच्याकडे एकेकाच्या तोंडाकडे बघत होता, आणि मला ते बघवेना.

“एकशे सहा,” दारातून आवाज आला. यादेर टोपी हातात घेऊन उभा होता. “मी पाहिलं.”

मग कुठे कुणीतरी म्हणालं, “बूट कुणाचे, हत्तीचे?” आणि नेव्हिओ ओरडला, “यादेरला विचारा!” आणि सगळे एकदम बोलायला लागले. मी बाहेर आले, कारण माझे डोळे भरून आले होते आणि त्या बारमध्ये मला रडताना अजून कुणी पाहिलेलं नाही. माझा नवरा तीस वर्षं त्या काट्यावर आहे. ओल्या पीचच्या एका पेटीचंही वजन त्याने कधी खोटं सांगितलेलं नाही आणि माणसाचं तर खरंही सांगितलेलं नाही.

संध्याकाळी बैठकीत नेव्हिओची गाडी उभी होती. मी ओव्हन लावला नाही. यादेरने पेटी उघडून आतली सगळ्यात बारीक स्प्रिंग काढली आणि गाडीत बसवली. जाड स्प्रिंग त्याने तेलाच्या फडक्यात नीट गुंडाळली आणि पेटीत सगळ्यात वर, हाताशी येईल अशी ठेवली.